मुक्कामाच्या गावांना पायी

चढाला ते चढ म्हणत नसत. 'दुसऱ्याचा' म्हणत, नाहीतर 'पहिल्याचा'. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चढते तो दुसऱ्याचा आणि पहिला टाकावा लागतो तो पहिल्याचा. राजूरहून वर डोंगरात जाणारे सगळे रस्ते त्यांना असे पाठ होते. बाजाराच्या दिवशी कुणी त्यांना एखाद्या वाडीची वाट विचारली तर ते सांगत, "वढा लागला की दुसऱ्याचा हाय, मंग जरा तिसऱ्याचं सपाट, आन् देवळापासनं पहिल्याचा." विचारणारा बहुतेक वेळा पायीच निघालेला असे. तो मान हलवून पुढे जाई.

ते एसटीचे ड्रायव्हर आणि मी त्यांच्या गाडीवरचा कंडक्टर. सहा वर्षं आम्ही एका गाडीवर काढली. ते माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना मामा म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला मामी. डेपोतले बाकीचे त्यांना घड्याळ म्हणत, तेही तोंडावर. त्यांना त्याचं काही वाटत नसे.

मामा मूळचे पाथर्डीकडचे. आईबाप दरसाल ऊसतोडीला जात. लहानपणाविषयी ते एकच वाक्य बोलत : "तोडीचा ट्रक कुनासाठी थांबत नव्हता." त्यातच सगळं आलं असं त्यांना वाटे. गाडी सहाची असेल तर सहाला चाक फिरलं पाहिजे. गाडीत माणसं किती आहेत, सरपंच अजून आंघोळीला बसलाय का, असल्या गोष्टी ते विचारात घेत नसत. सुरुवातीला मी एकदा म्हणालो, "मामा, दोन मिनिटं थांबू, बाजारचा दिवस आहे." ते म्हणाले, "पुढच्या स्टॉपावर बी मानसंच हुबी हायेत. त्यांची दोन मिंटं कुनाची?" पुढे मी तसं बोलणं सोडून दिलं. सहा वर्षांत मीही बराचसा त्यांच्यासारखा झालो. म्हणजे त्यांची घाई उचलली. बाकीचं नाही.

बाकीचं म्हणजे हे. एकदा श्रावणात दाट धुक्यात गाडी मागे घेताना एका घराच्या कुंपणाच्या भिंतीला घासली. वीतभर पोपडा निघाला. भिंत आधीच पडायला आलेली, पाहणारं कुणी नाही. मामा खाली उतरले, दार वाजवून मालकाला उठवलं आणि त्याला भिंतीपाशी आणून म्हणाले, "ह्यो ढपला माझा. बाकीचे तुझे." मालकाला हे सगळं नकोच होतं. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या की ड्रायव्हरसाहेब." मामांनी ऐकलं नाही. डेपोत येऊन स्वतःच्या हातानं रिपोर्ट लिहिला आणि वर साहेबांची बोलणी खाल्ली. मी विचारलं, कशाला सांगितलंत? म्हणाले, "खोटं बोलायचं म्हंजे कुनाला काय सांगितलं त्याच्यावर ध्यान ठिवावं लागतं. माझं सगळं ध्यान रस्त्यावर आसतं."

घरीसुद्धा ड्रायव्हर त्यांच्या अंगातून उतरत नसे. पाटावरून उठायच्या आधी ते उजव्या खांद्यावरून मागे बघून घेत. मामी मला म्हणायची, "मागनं काय ट्रक येनार हाय का, ईचारा त्यांला."

मामी काष्टीकडची. बागायतदारांच्या घरातली, बोलायला मोकळी, आणि तिला गाडी लागायची. एसटीच्या ड्रायव्हरची बायको, पण राजूर ते अकोले एवढ्या अंतरातही तिचं तोंड पिवळं पडे. त्यामुळे मामांच्या गाडीत ती आयुष्यात चारपाच वेळाच बसली असेल. आणि मामा बहुतेक मुक्कामी गाडीवर असत. मुक्कामी गाडी म्हणजे जी संध्याकाळी वरच्या गावात जाते, तिथेच राहते आणि पहाटे माणसं घेऊन खाली येते. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच सीटवर झोपतात. एकाआड एक रात्र मामा अशा कुठल्या तरी गावात असत. मामींनी कधी ती गावं पाहिली नव्हती.

मामा निवृत्त झाले त्या दिवशी डेपोत शाल-नारळ झाला. साहेबांनी मामींना दोन शब्द बोलायला सांगितले. अशा वेळी बायका हात जोडून खाली बसतात. मामी उभी राहिली आणि म्हणाली, "ह्यांनी निम्मा संसार ज्या गावांत झोपून काढला ती गावं मला एकदा बघायची हायेत. आन् गाडीनं न्हाई." सगळे हसले. मामा हसले नाहीत. त्यांनी खिशातून कागद काढला आणि काही लिहिलं. पुढे कळलं, ते अंतरं लिहीत होते.

आता मला एक पहाट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे आहे.

ही निवृत्तीच्या नऊदहा वर्षं आधीची गोष्ट. डोंगराच्या खिंडीपलीकडे एक गाव आहे. नाव लिहीत नाही. तिथली आमची मुक्कामी गाडी पहाटे सहा वाजता सुटायची. पौषातली थंडी होती. सहा वाजले, मी डबल बेल दिली, मामांनी गाडी काढली. गाडी वळणावर आली तेव्हा वरच्या वाडीच्या उतारावरून बॅटरीचा उजेड हलताना दिसला आणि बाईमाणसाची हाक आली : "थांबाऽ!" मग आणखी एकदा. मी ती ऐकली. गाडी सोडायची बेल कंडक्टर देतो, तशी थांबवायचीही तोच देतो. दोरी माझ्या डोक्यावर होती. मामांनी समोरच्या आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी तिकिटाच्या मशीनकडे पाहिलं. गाडी पुढे गेली.

मला तेव्हा काय वाटलं, हे नंतर मी बऱ्याचदा आठवून पाहिलं. काही वाटलं नव्हतं. थंडी होती आणि कंटाळा आला होता, एवढंच.

पुढच्या आठवड्यात त्याच गाडीत दोन बाया बोलत होत्या. वरच्या वाडीची पोरगी, बारावीला चांगली पास झालेली. नर्सिंगच्या प्रवेशासाठी तिची नगरला मुलाखत होती. गाडी चुकली, पुढचं काही मिळालं नाही, मुलाखतही गेली. आता घरचे लग्नाचं बघतायत. मामांची पाठ माझ्याकडे होती. त्यांनी मान वळवली नाही. आम्ही दोघं त्यावर कधी एक शब्द बोललो नाही. गाडीची वेळही त्यांनी बदलली नाही. फक्त त्या गावात, सुटायच्या दहा मिनिटं आधी, ते लांबलचक हॉर्न वाजवायला लागले. निवृत्त होईपर्यंत वाजवत होते. गावातली माणसं त्यावर चुली पेटवायची.

दिवाळीनंतर, भाताची काढणी चालू असताना, मामा-मामी निघाले. पाच दिवसांचा बेत होता. राजूरहून शेंडी, धरणाच्या कडेकडेनं रतनवाडी, तिथून कात्राबाईची खिंड चढून पलीकडचं ते गाव, मग पाचनई आणि परत राजूर. त्यांनी वेळापत्रक केलं होतं. कुठे किती वाजता पोचायचं, कुठे पाणी प्यायला पाच मिनिटं, कुठे पंधरा. मी त्यांना वेशीपर्यंत सोडायला गेलो. मामांच्या अंगावर जुनी खाकी पँट आणि स्वेटर, पाठीला सॅक. मामींनी बाजारातून पांढरे कॅनव्हासचे बूट घेतले होते आणि नऊवारीखाली ते फार नवे दिसत होते.

"किती चढ हायेत हो?" तिनं विचारलं.

"पयल्या दिवशी समदं तिसऱ्याचं."

"मानसाच्या भाषेत सांगा."

"दम लागनार न्हाई," मामा म्हणाले आणि निघाले. ती मागून, दहा पावलांच्या अंतरानं. ते अंतर कमी कसं झालं, हे तिनंच मला नंतर सांगितलं. ती परत आल्यावर मी भेटायला गेलो तेव्हा तिचा पाय गरम पाण्याच्या घमेल्यात होता आणि ती दोन तास बोलत होती. पुढचं सगळं तिच्या तोंडचं आहे.

पहिल्या मुक्कामाला मामांनी तिला एक मोकळी जागा दाखवली. जांभळाचं झाड, बाजूला शाळेची भिंत, खाली तेलाचे जुने डाग. "हितं गाडी लावायचो. हितं झोपायचो."

"येवढंच?" मामी म्हणाली.

"येवढंच."

मला ती म्हणाली, "खरं सांगू का, इतकी वर्षं मला वाटायचं, कुनीतरी आसंल. मानूस रोज एवढ्या हौसंनं जातोय म्हंजे कुनी बाई आसंल. तर तिथं जांभळाचं झाड!"

बाई होती, पण ती रतनवाडीला भेटली. ऐंशीच्या पुढची, कमरेत वाकलेली. मामांना पाहून ती पडवीतून उठत आली आणि मामींचा हात धरून म्हणाली, "हीच का रे ती? पापुद्र्याच्या भाकरीची?" म्हातारी वर्षानुवर्षं मामांना मुक्कामाला भाकरी द्यायची, आणि मामा ती खाताना रोज सांगायचे की माझ्या मालकिणीच्या भाकरीला असा पापुद्रा सुटतो की आत दिवा लावावा. म्हातारीनं ते ऐकून घेतलं होतं, कधी रागावली नव्हती. मामींनी चौतीस वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदाच ऐकलं. घरी मामा भाकरी खायचे आणि उठायचे. उठण्याआधी मागे बघायचे.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बरुबर चालले. मागं न्हाई."

खिंडीचा चढ पहिल्याचा होता, आणि मामांच्या वेळापत्रकात मामींच्या दमाचा हिशोब धरलेला नव्हता. खिंडीच्या तोंडाशी ती दगडावर बसली आणि म्हणाली, आता उठणार नाही. मामाही बसले. घड्याळ पाहिलं नाही. तिला तेवढ्यानंच काहीतरी वेगळं वाटलं. खाली झाडीतून गावाची कौलं दिसत होती. मामा म्हणाले, "ह्या गावात माझं एक काम हाय."

मग त्यांनी तिला ती पहाट सांगितली. हाक, बॅटरी, मुलाखत, सगळं.

मामी म्हणाली, "आन् मला आत्ता सांगताय?"

"घरी कवा हुतो?"

"आन् तिला काय सांगनार?"

"झालं ते."

"त्यानं तिचं काय व्हनार हाय?"

"ते मला म्हाईत न्हाई," मामा म्हणाले. "पन ढपला माझा हाय."

उतरताना ओल्या गवतावर मामींचा पाय मुरगळला. मामांनी सॅक पोटाशी घेतली आणि तिला पाठुंगळी घेऊन ते उरलेली उतरण उतरले. तिच्या आयुष्यात नवऱ्यानं तिला असं उचललं नव्हतं. लाज वाटली, हसूही आलं, आणि पाय तर ठणकतच होता. गावात शिरल्यावर लोकांनी त्यांना शाळेच्या ओट्यावर बसवलं. कुणीतरी म्हणालं, आशाताईंना बोलवा. सरकारच्या त्या आरोग्याच्या कामाच्या आशाताई. वाड्यावाड्यांवर पायी हिंडून बाळंतिणींना, लहान पोरांना बघणाऱ्या.

आशाताई आली. अठ्ठावीस-तीसची, काटक, खांद्याला पिशवी. तिनं मामींच्या पायातला पांढरा बूट काढला, घोटा दाबून पाहिला, "हाड मोडलं न्हाई" म्हणाली आणि पट्टी गुंडाळायला लागली. मामा उभे होते. त्यांनी तिला ओळखलं होतं, पुढच्या काळात ती त्यांच्या गाडीतून गेली-आली होती.

"ताई, तू वरच्या वाडीची," मामा म्हणाले. "लग्नाच्या आधी नर्सिंगच्या मुलाखतीला निघाल्तीस. गाडी चुकली."

तिचे हात चालूच होते. "व्हय."

"ती गाडी माझी हुती."

"म्हाईत हाय. तुमीच असायचा."

मग तिनं वर न बघता विचारलं, "मी वरनं दोनदा आरडले हुते. तुमाला ऐकू आलं हुतं का?"

मामी मला म्हणाली, "मी त्यांच्या पँटीला धरून वढलं. म्हनलं, गप ऱ्हावा. एवढं तरी नका सांगू." पण मामांनी सांगितलं.

"आलं हुतं."

हात थांबले. "मला वाटायचं, आलं नसंल," ती म्हणाली. "इंजिनापुढं कसलं ऐकू येतंय, आसं वाटायचं." मग तिनं पट्टीचं टोक फाडलं, गाठ मारली आणि उभी राहिली. आता तिनं मामांकडे सरळ पाहिलं.

"कंडक्टर कोन हुता तवा?"

मामा म्हणाले, "ध्यानात न्हाई."

हे सांगताना मामींचा आवाज खाली आला. ती म्हणाली, "मी त्यांच्या तोंडाकडं बघतच ऱ्हायले. ह्या मानसाला धा वर्षांपूर्वी कुठल्या स्टॉपाला किती मानसं चढली ते ध्यानात आसतं."

आशाताईनं काही क्षण वाट पाहिली. मग पिशवी खांद्याला अडकवली आणि म्हणाली, "ह्या पायावर मामींना चालता येनार न्हाई. माझ्या घरी चला."

पाच दिवसांचे आठ दिवस झाले. तीन दिवस ते तिच्या घरी राहिले. वेळापत्रक सॅकमध्येच राहिलं. मामा खळ्यावर तिच्या नवऱ्याबरोबर भात झोडत होते, आणि मामी ओसरीवर पाय पसरून तिच्या लहान मुलीच्या वेण्या घालत होती. मुलाखतीचा विषय परत निघाला नाही. फक्त पहिल्या संध्याकाळी, आशाताई पाण्याला गेलेली असताना, मामी मामांवर तुटून पडली. "तिच्याजवळ तेवढी एक समजूत हुती. ती बी काढून घेतली तुमी."

"मंग खोटं बोलू?"

"कंडक्टरच्या टायमाला बोललाच की."

मामा म्हणाले, "त्यो माझ्या गाडीवर हुता."

चौथ्या दिवशी मामी उठली आणि म्हणाली, निघायचं. मामा म्हणाले, जीप बघतो. तिनं ऐकलं नाही. पाचनई, आणि तिथून राजूर, ती काठी टेकत चालत आली. पायाला पट्टी, बूट सॅकला बांधलेले. मी विचारलं, एवढा हट्ट कशाला? ती म्हणाली, "एक मुक्काम बघायचा ऱ्हायला हुता. आन् घरी आलं की हा मानूस परत गप बसनार."

हे सगळं ऐकून मी उठलो तेव्हा मामा अंगणात बसून तिचे पांढरे बूट ब्रशनं घासत होते. मी म्हणालो, "मामा, तुम्ही माझं नाव सांगायला हवं होतं."

ते म्हणाले, "तुला सांगायचं आसंल तर तू सांग. रस्ता तुला म्हाईत हाय." आणि बुटाच्या तळव्यातला चिखल काडीनं काढू लागले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. वाट सांगतात तसं सांगितलं.

दोन रविवार मी गेलो नाही. कारणं होती, सगळ्यांना असतात. तिसऱ्या रविवारी गेलो. सकाळच्या गाडीनं, तिकीट काढून.

ती अंगणवाडीच्या ओट्यावर पोरांची वजनं घेत होती. झोळीचा काटा वर आढ्याला बांधलेला, खाली बायांची रांग. मी बाजूला उभा राहिलो. शेवटचं पोर आईकडे दिल्यावर ती माझ्याकडे वळली. मी घरून येताना बरंच काही ठरवून आलो होतो. त्यातलं एक वाक्य बोललो.

"त्या गाडीचा कंडक्टर मी होतो. हाक मी ऐकली होती."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "पुढं दोन वर्षं तुमच्याकडनंच तिकीट घेत हुते मी. तुमी सुट्टे देताना वर बघत नव्हता."

"मग मामांना का विचारलंत, कंडक्टर कोण म्हणून?"

तिनं काट्याची झोळी सोडवली, घडी केली. "धा वर्षांनी मानूस डोंगर चढून सांगायला येतो. म्हनलं, समदंच सांगतोय का, का दुसऱ्यावर ढकलायला आलाय, ते बघावं." घडी पिशवीत घालून ती म्हणाली, "त्यांनी तुमचं नाव घेतलं न्हाई. त्यांच्या जागी तुमी असता, तर त्यांचं घेतलं असतं का?"

ओट्यावर अजून दोघीतिघी बाया होत्या. त्या ऐकत होत्या. मी खोटं बोलू शकलो असतो, मला ते चांगलं जमतं.

"घेतलं असतं," मी म्हणालो.

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तिनं बायांना पुढच्या महिन्याचा वार सांगितला, दाराला कडी घातली आणि म्हणाली, "चला. परतीच्या गाडीला अजून येळ हाय. घरी चहा घेऊन जावा."